झिजलेल्या कोयत्यांची भिंत

वेल्हे,
मंगळवार, १२ जानेवारी १९४३

रफीक,

परवा रविवारी भर दुपारी मामांनी आपल्या लोहारसाळेत पाऊल टाकलं, उजवा तळहात भिंतीला लावला, आणि तो हात चुन्यानं पांढरा होऊन परत आला. त्या क्षणी माझं सगळं बदललं. हसू नकोस.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू अर्धं वाचून मोकळा होशील.

गुरुवारी रखमाजीमामा आणि त्यांची लेक साळू भोरकडे गेले. काय काम ते मला सांगितलं नाही. मी साळेत एकटा. तू ही साळ पाहिलेली नाहीस. मध्ये भट्टी, तिच्यामागे कातड्याचा भाता, ऐरण, पाण्याची दगडी डोणी. आणि उत्तरेकडची अख्खी भिंत गंजलेल्या, झिजून झिजून चाकूएवढ्या उरलेल्या कोयत्यांनी आणि विळ्यांनी भरलेली. खिळ्याखिळ्याला एक. कुणाला मूठ नाही, कुणाचं टोक गेलेलं. तीनशे तरी असतील. त्यातला एकही कधी कुणी वापरताना मी पाहिला नाही. गेले चार महिने मी इथं घण मारतो आहे (म्हणजे मामा मारू देतील तेव्हा) आणि रोज ती भिंत बघून माझं डोकं उठायचं. कॉलेज मध्येच सोडलं असलं तरी दोन वर्षं रसायन घोकलेला माणूस मी. गंजलं ते मेलं, एवढं मला कळतं, असं मला वाटत होतं.

त्यात लढाईसाठी जुनं लोखंड गोळा करणारा ठेकेदाराचा माणूस वेल्ह्याच्या बाजारात आला. भंगार द्या आणि भात्याच्या जागी हातानं फिरवायचा पोलादी पंखा घ्या, म्हणाला. रफीक, पंखा! साळू सकाळपासून भात्याची दोरी ओढत बसते. दोरीनं तिच्या तळहाताला घट्टे पडलेत. आणि मी भट्टीपाशी असलो की ती तिथून हलत नाही. मामांनी सांगितलं तरी हलत नाही. यातून जे समजायचं ते मी समजलो आहे. मनात म्हटलं, हिचे हात सुटतील, साळ नवी होईल, मामांना कळेल की हा नुसता पळून आलेला विद्यार्थी नाही. मग पुढची गोष्ट काढायला तोंड राहील.

शुक्रवारी बैलगाडी भरून दिली. शनिवारी भिंतीला दोन हात चुना मारला. रविवारी ते दोघं आले तेव्हा मी दारात उभा होतो, नवरदेवासारखा.

मामांची सवय अशी, की आत आले की आधी भिंतीला हात लावायचा आणि तो भिंतीवरून फिरवत फिरवत ऐरणीपर्यंत जायचं. मी आजवर त्याला नमस्कार समजत होतो. परवा त्यांनी हात लावला. हात सरकला. आणखी सरकला. त्यांनी तो तोंडासमोर धरला, बोटं एकमेकांवर चोळली, वास घेतला.

"आनंदा, गावं कुठं गेली?"

"कुठली गावं, मामा?"

"भितीवरली."

मी हसलो. रफीक, मी हसलो! म्हटलं, "भंगार होतं, देऊन टाकलं. हे बघा काय आणलंय!" आणि पंख्याचा दांडा जोरात फिरवला. साळू एकदम ओरडली, "बंद करा त्ये!" मामा भिंतीला टेकून खाली बसले, ते अजून धड उठलेले नाहीत. ताप आहे. साळू माझ्याशी एकच वाक्य बोलली: "त्ये भंगार न्हवतं."

मी धावत सुटलो असतो, पण औषध आणायला दुसरं कोणी नाही. ठेकेदाराचा सगळा माल कापूरहोळवरून पुण्याला जातो, आणि तू तिथंच मोटारी दुरुस्त करत बसलेला असतोस. तो ढीग अडव. पाया पडतो, अडव. नाही अडवलास तर सगळं संपलं.

तुझा,
आनंदा

---

कापूरहोळ,
ता. १५ जानेवारी १९४३

प्रेमवीर आनंदराव यांस रफीक मिस्तरीचा सलाम.

तुझं पत्र उस्तादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगं नाटक कंपनीत का जात नाही?

यार, हिशेब कर जरा. भादव्यात तू लिहिलंस, साळू पाणी देऊन गेली पण मान वर केली नाही, सगळं संपलं. दसऱ्याला तिनं आपट्याची पानं आधी शेजारच्या भिमाला दिली, तर मला चार पानी पत्र: सगळं संपलं. दिवाळीला तर तू तोरण्याच्या कड्यावर जाऊन बसणार होतास. नंतर कळलं की पायात काटा गेला म्हणून अर्ध्या वाटेतून परतलास. आता झिजलेले विळे. म्हातारी माणसं जुन्या वस्तूला जीव लावतात रे. आमचे अब्बा अजून टांग्याचं मोडकं चाक घरात ठेवून आहेत. अम्मी त्यावर पापड वाळवते. ताप दोन दिवसांत उतरेल, मामा पंखा फिरवून बघतील, आणि पाडव्याला तुमचं लग्न असेल.

ढिगाची चौकशी करतो. ठेकेदाराचे लोक आमच्याच टपरीवर चहा पितात. पण सध्या हात रिकामा नाही. पेट्रोल मिळत नाही म्हणून सगळ्यांनी गाड्यांना कोळशाच्या गॅसचे चुल्हे लावलेत, आणि ते पेटवता पेटवता आमचं तोंड रोज काळं.

पंखा चांगला आहे का ते लिही. दाते किती आहेत चाकाला?

तुझा,
रफीक

---

वेल्हे,
सोमवार, १८ जानेवारी १९४३

रफीक,

तुझं पत्र मी भट्टीत घातलं.

दाते विचारतोस? दाते! आता नीट वाच, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही हसू नकोस.

काल सकाळी घेवंड्याच्या बाजूच्या वाडीतून अंबूबाई आल्या. साठीच्या. बरोबर त्यांचा थोरला लेक गेनू. दोन डोंगर उतरून आल्या होत्या. आता राबाचे दिवस आले. झाडावर चढून फांद्या तोडायच्या, त्या वाफ्यावर पसरून जाळायच्या, मगच पावसाळ्यात तिथं भाताचं रोप धरतं. कोयत्याशिवाय राब नाही आणि राबाशिवाय भात नाही. गेनूला कोयता करायचा होता. अंबूबाईंनी दाराशी टोपली ठेवली, पदर सावरला, आणि भिंतीकडे बघून तशाच उभ्या राहिल्या.

"साळू, आमचं मानूस कुठाय गं?"

मला कळेना. मी म्हटलं, "कोण माणूस, मावशी?"

"ह्येचा बा. ह्या खिळ्याला व्हता. पावसाळ्यात गेल्यावर म्या सोता आनून दिला व्हता रखमाजीच्या हातात." आणि त्यांनी चुन्यावर बोट ठेवलं. बरोबर एका जागी. तिथं खिळ्याचं भोक अजून दिसत होतं.

त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्येला जाळलं तवा मी हुते. ह्येला कुटं न्हेऊन जाळलं?"

गेनू माझ्याकडे असा बघत होता की कोयता नव्हता हे माझं नशीब.

त्या गेल्यावर साळूनं मला सांगितलं. पहिल्यांदाच इतकं बोलली, आणि माझ्याकडे न बघता. कोयता झिजून निकामी झाला की या डोंगरातली माणसं तो टाकत नाहीत; साळेत आणून देतात. इथं तो आपापल्या वाडीच्या रांगेत टांगला जातो. मामांचे आजे, मामांचे वडील, मग मामा. तीन पिढ्यांची माणसं. कारण झिजेवरून हात कळतो, रफीक. एकाचं टोक आधी जातं, कारण तो लांबून मारतो. एकाचं पोट जातं, कारण तो ओढतो. डावखुऱ्याची धार उलट्या अंगानं उतरते. चढावरच्या वाडीतला कोयता एका तऱ्हेनं झिजतो, नदीकाठचा दुसऱ्या. नवा करायचा तर मामा जुना मांडीवर घेतात, बोटं फिरवतात, आणि जिथं जुना झिजला तिथं नव्याला पोलाद जास्त देतात. बापाचा हात बहुतेक लेकात उतरतो, म्हणून बापाचा जपायचा. आमच्या साळेचा कोयता तोरण्यापासून पार भोरपर्यंत कुणाच्या मनगटाला त्रास देत नाही, याचं कारण ती भिंत होती. आणि मी, शिकलेला गाढव, झिजलं म्हणजे संपलं असं धरून चाललो. त्या झिजेतच सगळं होतं!

तू अडवलास ना ढीग? एवढंच लिही. हो का नाही.

मामांचा ताप उतरला आहे. ते भट्टी पेटवत नाहीत. मला शिव्या देत नाहीत, मारत नाहीत. "जेवलास का?" म्हणून विचारतात. हे मला सहन होत नाही.

आनंदा

---

कापूरहोळ,
बुधवार, २० जानेवारी १९४३

आनंदा,

नाही.

लपवून ठेवायचं मनात आलं होतं. रात्रभर दुसरंच एक पत्र लिहीत बसलो होतो, त्यात तुझा ढीग मला कधी दिसलाच नव्हता. ते फाडलं.

तुझा माल दहा तारखेपासून इथंच होता. आमच्या दुकानासमोर, वडाखाली. ठेकेदाराची लॉरी बंद पडली होती. गॅसचा चुल्हा धरत नव्हता. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तो ढीग माझ्यापासून वीस पावलांवर होता. मी त्याच्यावर बसून चहा प्यायचो, यार. एका मोडक्या विळ्यानं बुटाचा चिखल खरवडला. ठेकेदाराचा माणूस मला रोज विचारायचा, मिस्तरी, झाली का गाडी? नुसतं "अजून दोन दिवस लागतील" म्हटलं असतं तरी तुला वेळ मिळाला असता. पण तुझं ते "सगळं संपलं" वाचलं आणि मला वाटलं, आनंदाचं नेहमीचंच.

लॉरी मी दुरुस्त केली. या दोन हातांनी. काल सकाळी ती तुझा माल भरून पुण्याला गेली, आणि मला वर शाबासकी मिळाली. काल दुपारी तुझं दुसरं पत्र आलं.

मी उस्तादांची सायकल घेऊन पुण्याच्या दिशेनं घाटापर्यंत गेलो. तिथं लॉरी कुठली असायला? परत आलो तर अब्बा भोरहून आले होते. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते उठले, घरी गेले आणि त्यांच्या कमरेचा कोयता काढून बघत बसले, असं अम्मी सांगते. तोही रखमाजींच्याच हातचा आहे. मला माहीत नव्हतं.

काय शिव्या द्यायच्या त्या येऊन दे.

रफीक

---

पुणे,
बुधवार, २७ जानेवारी १९४३

रफीक,

तुझ्याशी भांडायला मी शुक्रवारी कापूरहोळला उतरणार होतो. उतरलो नाही. सरळ पुढं आलो. तुझं तोंड बघितलं असतं तर काहीतरी करून बसलो असतो. आता राग उतरलाय, तुझ्यावरचा. तू बसलास त्या ढिगावर, पण तो रचला मी.

इथं पाच दिवस हिंडलो. स्टेशनच्या मालधक्क्यावर लोखंडाचे डोंगर आहेत. कढया, गाड्यांच्या चाकांच्या धावा, देवळाच्या घंटासुद्धा. एका हमालानं सांगितलं, तुमच्याकडचा माल आला त्याच दिवशी आगगाडीच्या वाघिणीत गेला. मी विचारलं, कुठं? तो म्हणाला, साहेब, लढाईवर. आणि हसला. मला साहेब म्हणाला, रफीक. माझ्या अंगावर तेव्हा अजून कॉलेजचा कोट होता.

पण मी हात हलवत परत जाणार नाही. निघताना मी साळेत ओरडून आलोय, भिंत भरून देतो म्हणून. कॉलेजची पुस्तकं आणि तो कोट विकून जुन्या बाजारातून गोणीभर जुने विळे-कोयते घेतले आहेत. चांगले झिजलेले निवडून घेतले. सत्तर-ऐंशी होतील. टांगले की निदान म्हाताऱ्याच्या हाताला काहीतरी लागेल. मन रमेल. प्रत्येक विळा कुणाचा ते काय पाठ असणार आहे? साळूला कळेल, पण ती गप्प बसेल. बसेल ना?

परवा निघतो. कापूरहोळला थांबणार नाही. काही आलं असेल तर वेल्ह्याला पाठव.

आनंदा

---

वेल्हे,
ता. २६ माहे जानेवारी

(कापूरहोळला रफीकच्या पत्त्यावर आलेलं, तिथून पुढं पाठवलेलं)

आनंदराव यांस साळूचा नमस्कार.

पत्र लिवायची आमाला सवय न्हाई. चौथीपतुर शाळा झाली, तवा चूकभूल असंल. आबांनी लिव म्हनून सांगितलं. काय लिवायचं त्ये सांगितलं न्हाई, तवा जे लिवते त्ये माझं मी लिवते.

तुमी वरडून गेला. आबा वसरीत बसलं हुतं. तुमी गेल्यावर इचारलं, कोट घालून गेला का? म्या म्हनलं व्हय. मग म्हनलं, थंडी हाय, बरं झालं.

तुमास्नी येक गोष्ट सांगायची हाय. ती गावात कुनाला ठावं न्हाई, तुमीबी कुनाला सांगायची न्हाई. आबास्नी दिसत न्हाई. गेली तीन वरसं. जाळाकडं बघून बघून डोळ्याचं पानी गेलं, असं वैद्य म्हनलं. उजेड हाय का अंदार, येवढंच कळतं. आंधळ्याच्या हातचा कोयता कुनी घील का? म्हनून आमी लपीवलं. भितीवरनं हात फिरवीत ऐरनीकडं जात्यात, तुमी बघितलंच आसंल. कोयत्याला पानी देताना रंग म्या सांगते. आदी गवती, मग मधावानी, मग जांभळा. जांभळा म्हनलं की आबा पान्यात बुडवत्यात. म्हनून म्या भात्यापासनं हालत न्हाई. तुमी त्येचं काय समजला त्ये मला ठावं हाय. म्या हसत हुते मनातल्या मनात. रागवायचं न्हाई.

त्या भितीवर आबांचं डोळं हुतं. तुमी चुना लावला.

दुसरी गोष्ट. आमी भोरकडं गेलो त्ये तुमच्या घरी, उत्रोलीला गेलो हुतो. तुमच्या आईकडं. बोलनं झालं. पाडव्याच्या आत करू म्हनल्या. तुमास्नी आदी सांगायचं न्हाई, असं आबांनीच म्हनलं, पोरगं तापट हाय, उगा नाचंल. रविवारी यिऊन तुमचा हात भितीला लावायचा, वाडी वाडी दाखवायची, आन मग सांगायचं, असं ठरलं हुतं. वाटंत आबा बैलगाडीत मोजत हुते, कुठल्या वाडीपासनं सुरवात करायची.

आता काय व्हईल मला ठावं न्हाई. आबांनी भट्टी पेटीवली न्हाई. मानसं येत्यात, परत जात्यात. यायचं असंल तर रिकाम्या हातानं या. आन भितीवर काय टांगू नका.

साळू

---

सोनबांची वाडी, तोरण्याखाली,
रविवार, ७ फेब्रुवारी १९४३

रफीक,

तू पुढं पाठवलेलं साळूचं पत्र मला काल मिळालं. एक आठवडा उशिरा. झाडावरून खाली उतरलो आणि पाचोळ्यात बसून वाचलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता आलं नाही. आई, उत्रोली, पाडवा, बैलगाडीत वाड्या मोजत येणारे मामा... मी त्याच दिवशी दारात पंखा फिरवत उभा होतो. तुला यावर काही लिहायचं असेल तर लिहू नकोस.

त्या शनिवारी काय झालं ते आता सांगतो.

मी गोणी घेऊन पोचलो तेव्हा साळेत कोणी नव्हतं. भिंत काळी झाली होती. साळूनं शेण आणि कोळशाची भुकटी कालवून सगळा चुना झाकून टाकला होता. पंखा गोठ्यात होता आणि त्याच्या दांड्याला शेळी बांधलेली होती. मी खिळे ठोकले आणि एकेक टांगत गेलो. ओळीनं. सुरेख दिसत होतं, अगदी पूर्वीसारखं.

मामा आले. त्यांनी भिंतीला हात लावला. बोटाला लोखंड लागलं आणि, रफीक, त्यांचा चेहरा! विझलेल्या निखाऱ्यावर कुणी फुंकर घालावी तसा. पहिल्यावरून हात फिरवला. दुसऱ्यावरून. तिसऱ्यावर थांबला. पुन्हा पहिल्याकडं गेला.

"ह्यो ऊस तोडनारा हात हाय," ते म्हणाले. "बुडाशी मारनारा. ह्योबी. ह्यो गवत कापनाऱ्या बाईचा, सपाटीवरच्या. ह्येंच्यातल्या येकानंबी डोंगूर बघितला न्हाई. ही कुनाची मानसं आनून माझ्या घरात टांगलीस, आनंदा?"

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. ओरडलो, "मामा, पाच दिवस पायपीट केलीय मी! नीट बघा तरी एकदा!"

साळू दारात आली होती. तिच्या डोक्यावरची घागर तिथंच थांबली. "पत्र मिळालं न्हाई तुमास्नी?"

"कुठलं पत्र?"

मामांनी दोन्ही हात वर केले आणि दहा बोटं माझ्यासमोर धरली. "ह्येंनी बघतो की मी. आनिक कशानं बघू?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. चार महिने ज्यांच्यासमोर बसून जेवलो, त्यांच्या डोळ्यांकडं मी पहिल्यांदा पाहिलं. मी हात हलवला. पापणी लवली नाही. माझ्या हातातला खिळा खाली पडला तेव्हा मात्र त्यांची मान बरोबर त्या बाजूला वळली.

मी ते सगळे विळे काढून परत गोणीत भरले. एवढ्यात दारातून हाक आली. "रखमाजी, भट्टी कवा पेटायची? का आमी फांद्या दातांनी तोडाव्या?"

ते सोनबा. पंचावन्न-साठीचे, काटक, तोंडात तंबाखू. कमरेच्या आकड्यातून त्यांनी कोयता काढला. धार संपून पट्टीसारखा झालेला.

"साळ बंद केली मी, सोनबा," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "बंद कशाला? मी करतो. मला द्या."

मामांनी कोयता घेऊन माझ्या हातात ठेवला. "सांग. हात कसा हाय?"

मी पाहिलं. उलटा केला. उजेडात धरला. "टोक गेलंय. मध्ये जास्त झिजलाय." मला पुढं काही दिसत नव्हतं, रफीक. चांगले दोन डोळे असून.

मामांनी तो मांडीवर घेतला. अंगठा धारेवरून हळूच नेला, परत आणला. "सोनबा, उजवा खांदा कवापासनं दुकतोय?"

सोनबांनी तंबाखू थुंकली. "आयला! दिवाळीला ऐनाच्या झाडावरनं पडलो. घरात सुदीक सांगितलं न्हाई."

"आता खांद्यानं मारत न्हाईस. कोपरातनं ओढतोस. मुठीपाशी नवी झीज हाय. पाठ हलकी करून दितो, म्हंजी ओढाय बरं पडंल."

रफीक, मी गाडीभर असले खांदे, अशी कोपरं, असे पाय घसरलेले दिवस लॉरीत घालून पाठवले होते.

"मामा, मी काय करू ते सांगा," मी म्हटलं. "तुम्ही काही बोलत का नाही? मारा तरी!"

"मारून कोयता हुतो," मामा म्हणाले. "तू न्हाई." मग कोयत्यावरून बोट फिरवत, "डोळं मला नगंत. साळूचं हायती. मला हात पायजेत. ज्येंचं गेलं त्येंचं गेलं. जित्ती हायेत त्येंचं हात कुनीतरी बोटांत घालून आनाय पायजेत. मला आता डोंगूर चढवत न्हाई."

सोनबा हसले. "ह्या कालेजवाल्याला द्या माझ्याकडं. राबाला मानूस पायजेच हाय. झाडावर चढीवतो. सोलून निगंल चांगला."

"न्हे. ज्येच्या त्येच्या कोयत्यानं तोडू दे. तुझी वाडी झाली की फुडची. बोटाला कळाय लागलं तर येऊ दे. न्हाई कळलं तर..." मामांनी वाक्य सोडून दिलं आणि साळूला म्हणाले, "पेटीव."

आणि भट्टी पेटली. वीस दिवसांनी. साळूनं दोरी धरली, भाता बोलू लागला, पोलादाची कांब तांबडी झाली. मी काखेत पिशवी मारून उभा. सोनबा बाहेर जाऊन वाट बघत होते. मला तिच्याशी बोलायचं होतं. चार महिने मनात घोळवलेलं सगळं. मी फक्त म्हटलं, "साळू, मी परत येईपर्यंत..."

"लोखंड तापलंय," ती म्हणाली. "आता बोलू नका. आदी दार लावा. ह्या उजेडात मला रंग दिसत न्हाई."

मी दाराच्या फळीला हात लावला. उन्हाचा पट्टा सरळ भट्टीवर पडला होता, आणि त्यात ती डोळे बारीक करून बघत होती. मामा कोयता चिमट्यात धरून तिच्या शब्दाची वाट बघत होते.

"आतून लावू का बाहेरून?" मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. "त्ये तुमी ठरवा. पर बिगीनं लावा."

मी बाहेर पडलो आणि दार बाहेरून लावलं.

आनंदा